जुना लॅपटॉप सुरू होत नाही? या चुका टाळा

कपाटात वर्षभर पडून राहिलेला लॅपटॉप बाहेर काढला, बटण दाबलं, काहीच झालं नाही, की घरातलं कोणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळं होतं. बोर्ड जातातही. पण २०१० ते २०१५ या काळातले डेल लॅटिट्यूड, थिंकपॅड, एचपी प्रोबुक आणि एलिटबुक, म्हणजे ऑफिसांतून निघून सेकंड हँड बाजारात आलेला माल, चांगला दणकट आहे. तो बंद पडण्याचं मूळ कारण अनेकदा चार्जर, रॅम, घड्याळाचा सेल नाहीतर डिस्क असं किरकोळ असतं. बोर्ड जातो तो नंतर, दुरुस्ती करताना. खाली दिलेल्या बहुतेक चुका या ‘नंतर’च्या आहेत.

लक्षण न बघता स्क्रू काढायला घेणं

दुकानदार ‘सुरू होत नाही’ या तक्रारीचे आधी प्रकार पाडतो. चार्जर लावूनही एकही दिवा लागत नसेल तर ‘डेड’. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी, तर ‘नो डिस्प्ले’. चालू होऊन काही सेकंदांत बंद होत असेल तर ‘ऑटो ऑफ’. आणि कंपनीचा लोगो येऊन पुढे गाडी अडकत असेल तर दोष बहुधा डिस्कचा किंवा विंडोजचा. या शेवटच्या प्रकारात बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीन यांची प्राथमिक चाचणी झालेली असते, त्यामुळे सगळा लॅपटॉप सोलून काढण्याचं कारण नाही.

नो डिस्प्ले असेल तर अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. अंधुक अक्षरं दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडूनही हेच कळतं. बऱ्याच डेलमध्ये ‘डी’ हे बटण दाबून ठेवून पॉवर दाबलं की स्क्रीन स्वतःची चाचणी म्हणून एकेक रंग दाखवते. रंग नीट आले तर पॅनल चांगलं आहे.

आणि एक भाबडी वाटणारी गोष्ट: झाकण मिटलंय हे लॅपटॉपला लोहचुंबकामुळे कळतं. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला असेल किंवा हात टेकतो तिथे चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल पडला असेल, तर उघडा लॅपटॉप झाकण मिटल्यासारखा झोपी जातो.

लॅपटॉप काही सांगत असेल तर ते मोजा. त्या काळातल्या लॅटिट्यूडमध्ये दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम खराब, पाच म्हणजे घड्याळाचा सेल, सात म्हणजे प्रोसेसर, आठ म्हणजे स्क्रीन. त्याच सुमाराच्या अनेक एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो: एकदा प्रोसेसरसाठी, दोनदा बायोससाठी (लॅपटॉप सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्राम), तीनदा रॅमसाठी, चारदा ग्राफिक्ससाठी, पाचदा बोर्डसाठी. थोडं थांबून तोच आकडा पुन्हा येतो. दोन-तीन फेऱ्या मोजून कागदावर लिहून ठेवा.

‘चार्जरचा दिवा लागतोय, म्हणजे चार्जर ठीक’

दिवा लागला म्हणजे चार्जरमधून काहीतरी बाहेर पडतंय, एवढंच. जुन्या चार्जरमध्ये नुसता मोजला तर व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि लॅपटॉपने करंट ओढायला सुरुवात केली की ते कोसळतं. म्हणून तेवढ्याच व्होल्टेजच्या दुसऱ्या चालू चार्जरवर लॅपटॉप लावून बघणं ही सर्वांत भरवशाची चाचणी. डेलला साधारण १९.५ व्होल्ट लागतात, थिंकपॅडला २०, तर जुन्या एचपीच्या ६५ वॉटच्या चार्जरवर १८.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. व्होल्टेज जुळलंच पाहिजे. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट घेतो. ९० वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर लावला तर मात्र तो कुरकुरतो, कधी बॅटरी चार्ज करत नाही, कधी रखडत चालतो.

मल्टिमीटरने मोजताना हमखास होणारी एक गफलत आहे. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या स्वस्त मीटरवर डीसीची २० ची रेंज १९.९९ पर्यंतच दाखवते. थिंकपॅडचा चार्जर बऱ्याचदा २० व्होल्टच्या किंचित वर देतो. मग पडद्यावर डावीकडे नुसता ‘१’ दिसतो आणि चांगला चार्जर भंगारात जातो. मीटर २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, मग आकडा दिसेल.

दुसरी गफलत पिनची. डेलच्या गोल जाड पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज द्यायला नाही, चार्जर कुठला आणि किती वॉटचा हे लॅपटॉपला कळवायला असते. व्होल्टेज मोजायचं ते नळीच्या आतल्या भिंतीवर मीटरचं लाल टोक (प्रोब) आणि बाहेरच्या भिंतीवर काळा प्रोब लावून. लाल प्रोब घसरून आतली भिंत आणि सुई एकत्र टेकली की १९.५ व्होल्ट थेट त्या सुईच्या वायरीत जातात आणि ओळख पटवणारी चिप उडते. त्यानंतर चार्जर चालतो, पण ‘अ‍ॅडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही’ असा संदेश येत राहतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. सुई वाकलेली असेल तरी हेच होतं, म्हणून बोर्डला दोष देण्याआधी भिंग घेऊन सुई बघा.

लॅपटॉपला लावताच चार्जरचा दिवा विझतो आणि काढल्यावर परत लागतो, असं दिसलं तर तिथेच थांबा. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट, म्हणजे वीज थेट जमिनीला जाणारी आडवाट, असण्याची दाट शक्यता आहे. ‘लागतोय का बघू’ म्हणून पुन्हा पुन्हा लावल्याने आणखी भाग जळतात. जॅकची वायर मात्र तपासा. अनेक लॅटिट्यूड आणि थिंकपॅडमध्ये जॅक बोर्डवर सोल्डर केलेला नसतो, छोट्या वायरीने जोडलेला असतो. तेवढाच खराब असेल तर सोल्डरिंगशिवाय बदलता येतो.

बॅटरी न काढता बटण दाबून धरणं

बॅटरी काढा, चार्जर काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा, हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. लोक तो अर्धाच करतात. बॅटरी तशीच ठेवून बटण दाबलं तर बोर्डवर साठलेला भार पुरता उतरत नाही. नंतर आधी नुसता चार्जर लावून सुरू करून बघायचं, बॅटरी शेवटी. एखादा सेल मेलेली जुनी बॅटरी लॅपटॉपला सुरूच होऊ देत नाही, हे या क्रमातच कळतं.

थिंकपॅड टी४४० किंवा एक्स२४० मध्ये आत दुसरी बॅटरी असते. बाहेरची काढली म्हणून वीज तुटत नाही. त्यांच्या तळाला टाचणी जाईल एवढं रिसेटचं भोक दिलेलं आहे. चार्जर काढून त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची. आतलं काम करायचं असेल आणि लॅपटॉप बायोसपर्यंत येत असेल, तर आधी तिथे जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडा.

टचपॅड वर आलाय, तळ डुगडुगतोय, फटी पडल्यात, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. ती दाबायची नाही, टोकदार वस्तूने उचकटायची नाही, चार्ज करून तर बघायचीच नाही. सुटी करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

रॅम: सर्वांत सोपं काम, सर्वांत जास्त घाई

नो डिस्प्लेमध्ये पहिला संशय रॅमवर घ्यावा. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर बसलेला सापडतो. पांढरं मऊ खोडरबर एकाच दिशेने हलकेच फिरवा, चुरा ब्रशने पूर्ण झटका, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शाईचं खरबरीत खोडरबर वापरलं तर सोन्याचा मुलामा निघून जातो आणि दोन महिन्यांत तोच त्रास परत येतो. चुरा स्लॉटमध्ये राहिला तर त्रास लगेच परत येतो. सॅनिटायझर हा अल्कोहोलचा पर्याय नाही, त्यातला चिकटपणा मागे उरतो.

रॅम बसवताना ती साधारण ३० अंशांत तिरकी धरून तळापर्यंत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ करून बसल्या, तरी सोनेरी पट्टी बरीच बाहेर दिसत असेल तर ती बसलेली नाही.

तपासणी एकच रॅम ठेवून करा. पहिली रॅम पहिल्या स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्यात, मग दुसरी रॅम पहिल्यात. काही मॉडेलांत एक स्लॉट तळाच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डखाली दडलेला असतो. तळाची रॅम बदलून ‘रॅम तपासली’ असं म्हणणाऱ्यांची दुसरी रॅम तशीच जागेवर असते.

इथेच एक फुकटची आणि फार उपयोगी चाचणी आहे. सगळी रॅम काढून लॅपटॉप सुरू करा. लॅटिट्यूडने दोनदा बीप केला किंवा दिव्याने रॅमचा इशारा दिला, तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत आणि तुमचं काम खूप सोपं झालं. रॅम नसतानाही अगदी शांतता असेल, तर दोष त्याआधीच्या टप्प्यावर आहे आणि नवी रॅम विकत घेऊन काही साधणार नाही.

विकत घ्यायचीच झाली तर प्रकार बघा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दोन्ही २०४ पिनच्या आहेत आणि एकाच खाचेत बसतात, पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या टी४४० सारख्या लॅपटॉपला एलवालीच लागते. १.५ व्होल्टची रॅम त्यात घट्ट बसते आणि लॅपटॉप मुका राहतो. एलवाली रॅम मात्र जुन्या, १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये सहसा चालते, म्हणून गोंधळ असेल तर तीच घ्या.

रॅम किंवा सेल बदलल्यावर पहिल्या सुरुवातीला लॅपटॉप वेळ घेतो. स्क्रीन अर्धा-एक मिनिट काळी राहू शकते, तो आपोआप एकदा-दोनदा बंद होऊन सुरूही होतो. याच क्षणी घाबरून वायर खेचली जाते. दोन मिनिटं हात बांधून बसा.

सेल काढला, लॅपटॉप सुरू झाला, आणि विंडोज गेली

बोर्डवरचा सीआर२०३२ सेल, प्लास्टिकच्या आवरणातला, दोन वायरींचा, ३ व्होल्टचा. मीटरवर २.६ च्या खाली दाखवत असेल तर बदला. तारीख दर वेळी मागे जाते, ही त्याची जुनी खूण. थिंकपॅडवर तेव्हा ०२५१ किंवा ०२७१ असे आकडे दिसतात.

सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि लॅटिट्यूडमध्ये हेच अंगाशी येतं. त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारा भाग, ‘रेड ऑन’ या पद्धतीवर असतो. विंडोज जर ‘एएचसीआय’ या दुसऱ्या पद्धतीवर टाकलेली असेल, तर आता ती लोगोनंतर निळी स्क्रीन दाखवून पडते, विंडोज ७ असेल तर कोडच्या शेवटी ७बी असतं. लोक विंडोज नव्याने टाकतात, डेटा घालवतात. प्रत्यक्षात एफ२ दाबून बायोसमध्ये जाऊन साटा पुन्हा एएचसीआयवर करणं एवढंच काम असतं. तसंच लेगसी आणि यूईएफआय या सुरू होण्याच्या जुन्या-नव्या पद्धतींचं. बूट मोड बदलला गेला की ‘बूट करण्याजोगं काही सापडलं नाही’ असा निरोप येतो आणि बिचारी डिस्क उगाच बदनाम होते. म्हणून लॅपटॉप चालू होतोय तोवर बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सेकंड हँड थिंकपॅडवर बायोसला कुलूप घालणारा सुपरवायझर पासवर्ड असेल तर सेल काढून तो जात नाही, कारण तो वेगळ्या चिपमध्ये असतो. उलट सेल काढल्यावर तारीख चुकते, ती दुरुस्त करायला बायोस तोच पासवर्ड मागतो आणि चालता लॅपटॉप दारातच अडकतो. जुन्या ऑफिसचा माल घेताना हा पासवर्ड नाही ना, हे बायोसमध्ये शिरून आधीच बघा.

स्क्रू, रिबन आणि चालू करंट

रिबन केबल, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या वायरी, बसवायच्या खाचांचे दोन प्रकार असतात. एकाला वर उचलायची बारीक पट्टी असते, दुसऱ्यात पट्टी पुढे सरकवायची असते. नखाने दोन्ही टोकांना समान जोर द्या. ही पट्टी तुटली की रिबन पकडून ठेवायला काही उरत नाही. पॉवर बटणाची रिबन तिरकी बसली तरी लॅपटॉप अगदी डेड वाटतो. उघडून बंद केल्यावर ‘आधी दिवा तरी लागत होता’ अशी तक्रार असेल, तर आधी तीच रिबन बघा.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, ३, ५, ८ मिलिमीटर वगैरे. ३ च्या जागी ८ चा स्क्रू गेला तर तो बोर्डमध्ये किंवा वरच्या झाकणात घुसतो. कागदावर लॅपटॉपचा तळ रेखाटून त्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावले की प्रश्न मिटतो.

स्क्रीनची केबल कधीही बॅटरी जोडलेली असताना काढू किंवा लावू नका. बॅकलाइटच्या पिनवरचा व्होल्टेज शेजारच्या पिनला टेकला की बोर्डवरचा मिरीएवढाही नसलेला फ्यूज जातो, आणि चांगल्या बोर्डावर चांगली स्क्रीन अंधारात राहते.

ऑटो ऑफ असेल तर पंखा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बघा. वाळून खडूसारखी झालेली पेस्ट अल्कोहोलने साफ करून प्रोसेसरवर हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढी नवी लावा, जास्त नको. थिंकपॅड सुरू होताच ‘फॅन एरर’ लिहून बंद होत असेल तर बोर्ड ठीक आहे, पंखा अडकलाय. त्या वेळी एस्केप दाबून तात्पुरतं आत जाता येतं, तेही फक्त फाइली काढून घेण्यापुरतं.

हीट गनचा मोह

व्हिडिओत दाखवतात म्हणून ग्राफिक्सच्या चिपवर हीट गन मारणं किंवा बोर्ड ओव्हनमध्ये ठेवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. २००७-०८ च्या सुमाराच्या एनव्हिडिया चिप असलेल्या लॅपटॉपांत हा प्रकार रूढ झाला. त्या चिपांच्या आतल्याच जोडणीत दोष होता. जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तापवल्यावर आतला सांधा तात्पुरता जुळतो, लॅपटॉप काही दिवस किंवा आठवडे चालतो आणि परत जातो. दरम्यान शेजारचे कनेक्टर वितळलेले असतात. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅटिट्यूडला किंवा थिंकपॅडला तर या उपायाशी काही देणंघेणंच नाही.

मीटर वापरणाऱ्यांसाठी: प्रोसेसरजवळच्या कॉइलवर एक-दोन ओहम दिसले की ‘शॉर्ट’ म्हणून नाचू नका. प्रोसेसरच्या लाइनला एवढा कमी रोध असणं नेहमीचंच आहे. १९ व्होल्टच्या मुख्य लाइनवर एवढं कमी दिसलं तर मात्र तो शॉर्टच.

मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं

लोगोनंतर गाडी अडकली की विंडोज स्वतःच दुरुस्ती करायला बसते आणि तासन्‌तास तिथेच घुटमळते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवणं म्हणजे लंगड्या घोड्याला शर्यतीत पळवणं. ती प्रत्येक खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत राहते, आणि वाचू शकला असता तो भागही जातो. आधी प्रत काढा. डिस्क सोडवून यूएसबी-साटा अडॉप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा, किंवा पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डेल आणि थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर एस्केप दाबून मग एफ९. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप व्यवस्थित चालला तर दोष डिस्क किंवा विंडोजपुरता उरला. एचपीवर ‘३एफ०’ असा कोड आला तर डिस्क एकदा काढून नीट बसवा. वाहतुकीत ती सैल होते.

दुसऱ्या संगणकात डिस्क कुलूपबंद दिसली आणि ४८ आकडी किल्ली मागू लागली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू आहे. ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला हो म्हणू नका. घरचा लॅपटॉप असेल तर किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असू शकते, ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना विचारा.

चहा सांडला असेल तर

‘सुरू होतोय का बघू’ हाच घात. चार्जर, बॅटरी आणि शक्य असेल तर घड्याळाचा सेलही काढा, कारण तेवढ्या ३ व्होल्टवरही ओल्या बोर्डावर गंज चढत राहतो. तांदळात पुरण्याने वरवरची ओल जाते. साखर आणि दूध तिथेच राहून पावसाळ्यात दमटपणा धरून ठेवतात. हेअर ड्रायरने ते द्रव आणखी आत ढकललं जातं. बोर्ड बाहेर काढून अल्कोहोल आणि मऊ दातघासणीने धुणं, पूर्ण वाळवणं, आणि मगच वीज देणं.

दुकानात देताना

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे बोर्डचं चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरचा एकेक भाग बदलण्याचं, काम करणारे मिळतात. देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा. बहुतेक डेड आणि नो डिस्प्ले दोषांना ती लागत नाही. रॅमवरचा आकडा आणि बॅटरीचा नंबर लिहून ठेवा. ‘बोर्ड बदलावा लागेल’ असं उत्तर आलं तर एवढंच विचारा की ३ आणि ५ व्होल्टच्या लाइन येतायत का, नसतील तर कुठे अडतंय. मोजणारा माणूस मीटर ठेवून दाखवतो. ‘हीट मारून बघतो’ असं उत्तर आलं तर लॅपटॉप परत बॅगेत घाला.